आतून न उसवणारी शिवण

मोठ्याबाईंनी शिवलेली उशी कधी पुरती बंद नसायची. तीन बाजू अशा पक्क्या की वर हत्ती नाचला तरी दोरा हलू नये, आणि चौथी बाजू सताड उघडी. घरातल्या झाडून सगळ्या उशा तशाच. कापूस बाहेर यायचा, केसांत अडकायचा, चहाच्या कपात तरंगायचा.

"आई, एवढी एक बाजू शिवलीत तर हात झिजतील का तुमचे?" सूनबाई विचारायची.

"तुझी जीभ अजून झिजली नाही, माझे हात कशाला झिजतील? राहू दे उघडी."

एकदा सूनबाईनं गुपचूप एक उशी स्वतःच शिवून बंद केली. मोठ्याबाईंनी ती हातात घेतली, कात्रीनं चौथी बाजू उसवली आणि होती तिथं ठेवून दिली. तोंडातून शब्द काढला नाही. बाई बोलल्या असत्या तर सूनबाईनं दोन शब्द परत केले असते. त्या बोलल्या नाहीत म्हणून ती घाबरली. त्या दिवसापासून तिनं उशांचा नाद सोडला.

तसं त्या घरात विचित्रपणाला तोटा नव्हता. मोठ्याबाईंना दाराची कडी लावलेली खपायची नाही. न्हाणीघराची कडी तर त्यांनी पेचकस घेऊन स्वतःच काढून टाकली होती. आत गेलेल्यानं गाणं म्हणायचं, म्हणजे बाहेरच्याला कळे. आणि त्यांचा मुलगा, ज्याला सगळे थोरला म्हणत (धाकटा कुणी झालाच नाही, तरी हा थोरलाच राहिला), तो कधी पाण्याचा पाइप हातात धरायचा नाही. अंगणातल्या झाडांना मग्यानं पाणी घालायचा, पन्नास फेऱ्या मारून. "पाइपनं कंबर दुखते," म्हणायचा. वाकून वाकून दुखत नसे, पाइप धरल्यानं दुखे. पण ज्याचं त्याला.

मोठ्याबाई हे नाव कारखान्यातलं. ताडपत्रीच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्या शिवणखात्यात होत्या. शाळा दुसरीपर्यंत झालेली, तीही मास्तरीणबाईंशी भांडून संपलेली. कागदावरची अक्षरं त्यांना एकेक करून लावावी लागत, पण कापड मात्र घडाघडा वाचायच्या. शिवणीवरून बोट फिरवलं की कुणी शिवलंय, कोणत्या यंत्रावर शिवलंय आणि घरून भांडून आली होती की हसत आली होती, हेसुद्धा सांगायच्या. खात्यातल्या बायका त्यांना भ्यायच्या आणि त्यांच्याजवळचीच जागा मागायच्या.

बैठकीच्या खोलीत भिंतीवर दोन चौकटी होत्या. एकीत त्यांचा नवरा, दुसरीत वीतभर हिरवी ताडपत्री. पुसताना आधी ताडपत्री पुसली जायची. नवऱ्याची त्यावर तक्रार नव्हती. तो जिवंत असतानाही तक्रारीची सोय नव्हती.

तो तुकडा म्हणजे नमुना. कारखान्यात कुणी नवी शिवण बसवली की दोन वितींच्या कापडावर ती घालून साहेबांना दाखवायची. साहेब जाड शाईनं कापडाच्या दोन्ही अंगांना तारीख घालायचे, शिवण कशासाठी आहे ते लिहायचे, सही करायचे. मग कापड मधोमध कापायचं. एक तुकडा कचेरीच्या कपाटात, दुसरा त्या बाईच्या यंत्रावर खिळ्याला. पुढं मालात फरक पडला तर तुकड्याला तुकडा लावून पाहायचा, म्हणजे वाद नको. चौतीस वर्षांत मोठ्याबाईंच्या यंत्रावर सहा नमुने लागले. निवृत्त होताना त्यांनी एकच उचलून आणला, शेवटचा.

*

मंगळवारी भर दुपारी दारात मोटार थांबली. पुढच्या जागेवरून थोरला उतरला, हातात फळांची टोपली धरून, आणि त्यानं धावत जाऊन मागचं दार उघडलं. मागून उतरले ते साहेब. अकरा वर्षांपूर्वी ते शिवणखात्याचे साहेब होते; आता कंपनीच्या अगदी वरच्या मजल्यावर बसत. थोरला त्याच कंपनीत माल रवाना करण्याच्या खात्यात दुय्यम होता.

"ओळखलंत का, मोठ्याबाई?"

"न ओळखायला काय झालं? पोट तेवढं पुढं आलंय. मागं साहेब तेच आहेत."

थोरल्याला खोकला आला. साहेब हसले, बसले, पाठीशी उशी घेतली आणि कोटभर कापूस करून घेतला. बोलत होते बाईंशी, डोळे मात्र भिंतीवर. नवऱ्यावर नव्हे, शेजारी.

"कंपनीला पन्नास वर्षं होताहेत. एक दालन उभारतोय आम्ही, जुन्या कारागिरांच्या हातच्या वस्तूंचं. तुमचा हा नमुना तिथं हवाच. तुमच्याशिवाय ते दालन म्हणजे दोऱ्याविना सुई."

"सुईला अकरा वर्षांत दोरा आठवला नाही तो?"

म्हणाल्या खऱ्या, पण खोटं कशाला बोला, बाई फुलल्या. काचेच्या कपाटात आपली शिवण, खाली आपलं नाव, येणारे-जाणारे माना वाकवून बघताहेत. कुणाला आवडणार नाही?

साहेब उठले आणि चौकटीला हात घातला.

"हात काढा," मोठ्याबाई म्हणाल्या. "काच पुसलेली नाही. मागं पालींनी संसार थाटला असेल. परवा या. मी स्वतः पुसून देईन."

"आत्ताच नेला असता, मोटार आहेच."

"अकरा वर्षं थांबलात, दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

साहेब गेले. चहाचा कप तसाच राहिला होता, वर साय धरलेली. मोठ्याबाईंनी ते पाहिलं. दालनाच्या गप्पा मारायला आलेला माणूस चहा पितो. चहा न पिणारा काहीतरी न्यायला आलेला असतो.

"आई," थोरला लहान मुलासारखा हात चोळत आला, "साहेब गाडीत म्हणाले, मला रवाना खात्याचा मुख्य करणार. पुढच्याच महिन्यात."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? माझ्या कामाबद्दल."

"बरं," मोठ्याबाई म्हणाल्या.

*

बुधवारी सकाळी वकीलबाई आली. तिशीची असेल. अंगानं काडी, खांद्याची पिशवी तिच्याहून जड. शिवणखात्यातल्या जुन्या बायकांची घरं ती शोधत फिरत होती आणि कुणी तिला आत घेतलं नव्हतं. या घराचं दार बंदच होत नसे, म्हणून ती आत आली.

"परदेशी जाणाऱ्या ट्रकच्या ताडपत्र्या तुमच्या खात्यात शिवल्या जायच्या ना?"

"ताडपत्री ती ताडपत्री. पावसाला काय पासपोर्ट लागतो?"

वकीलबाई हसली नाही. "ताडपत्रीला बाजूनं हवेचे झरोके असतात. त्या मालाचे झरोके शिवून बंद केलेले होते."

"जनावरं न्यायची होती. धूळ आत जाऊ नये म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"कंपनीनं."

"कंपनी न्यायालयातही हेच सांगतेय."

मग तिनं सांगितलं. आवाज न चढवता, भाजीची यादी वाचावी तसं. तिथल्या लष्करानं गावंच्या गावं उचलली. बायका, पोरं, म्हातारी माणसं ट्रकमध्ये भरली, वर ताडपत्र्या आवळल्या आणि ट्रक नाक्यावर उन्हात उभे करून ठेवले. दिवसभर. उघडले तेव्हा कुणी उतरलं नाही. एका ट्रकमध्ये एक मुलगी जिवंत सापडली. सगळ्यांच्या खाली दबलेली होती, तळाच्या फळीला फट होती, तिथं तोंड लावून पडली होती. ती आता मोठी झाली आहे आणि हा खटला तिनं आणि मेलेल्यांच्या घरच्यांनी घातला आहे.

"मग त्या लष्कराला धरा की. इथं काय आमच्या उंबऱ्यात?"

"त्या लष्कराला धरणारं तिथं कुणी उरलं नाही. पण माल देणारे इथं आहेत आणि इथं न्यायालय आहे. माल विकला म्हणून गुन्हा होत नाही, आजी. कशासाठी जातोय ते माहीत असून विकला, तर होतो. कंपनी म्हणते, आम्हाला काहीच माहीत नव्हतं. तिथून कधी तक्रार आली नाही, माल कधी परत आला नाही."

असं म्हणून तिनं पिशवीतून एक मोठा फोटो काढला. ताडपत्रीचा. मळलेली, विटलेली, पण झरोक्यावरची शिवण स्वच्छ दिसत होती. मोठ्याबाईंनी चष्मा चढवला, फोटो उजेडात धरला, आणि त्यांचा चेहरा उजळला. हे त्यांनी मुद्दाम केलं नाही. चौतीस वर्षांची सवय होती ती.

"एकही टाका सुटला नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," वकीलबाई म्हणाली. "एकही नाही सुटला. फोटो आतल्या बाजूचा आहे."

मोठ्याबाईंनी पुन्हा पाहिलं. शिवणीच्या दोन्ही बाजूंना कापडावर बारीक पांढऱ्या रेघा होत्या. शेकडो. उभ्या, तिरक्या, एकमेकींवर चढलेल्या. आधी त्यांना त्या कापडाच्या वाटल्या होत्या.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "चहा मिळायचा नाही. नीघ."

वकीलबाई उठली. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "शुक्रवारपर्यंत कागद द्यायचे आहेत. माल परत आला होता हे सांगणारं एकही माणूस मला मिळालेलं नाही." आणि गेली. फोटो तिथंच राहिला, मागं तिचा पत्ता लिहिलेला.

*

ती गेल्यावर घरात खरखर सुरू झाली, कुणी नखानं कापड खाजवावं तशी; ती काही नवी नव्हती. अकरा वर्षं ती त्या घरात होती. दुपारी सगळं शांत झालं की यायची; कधी उशीतून, कधी गादीतून, कधी चौकटीच्या काचेमागून. उंदीर म्हणून मोठ्याबाईंनी मांजर पाळून पाहिलं. मांजर महिनाभर राहिलं, भिंतीकडं बघत बसायचं, मग निघून गेलं. उशीची बाजू उघडी ठेवली की आवाज थोडा कमी व्हायचा. एवढंच त्यांना कळलं होतं.

त्या दुपारी त्यांनी सुयांचा डबा काढला. तळाशी, बटणांच्या खाली, कागदात गुंडाळलेली केसांची पिन होती. स्वस्तातली, लाल मणी लावलेली. पाय सरळ केलेले, एका पायाचं टोक घासून घासून चपटं झालेलं.

अकरा वर्षांपूर्वी परदेशातून चौदा गठ्ठे परत आले होते. धुलाईखात्यातून शिवणखात्यात आले तेव्हा अजून ओलसर होते. झरोक्यांच्या शिवणी आतून उसवलेल्या. मुकादम म्हणाला, शेळ्यांनी खाल्लं. मोठ्याबाई म्हणाल्या, "शेळी कापड खाईल. कापड सोडून नुसता दोरा खाणारी शेळी मला दाखव, मी तिला नोकरीला ठेवते." सगळ्या हसल्या. मग घडी उलगडताना ती पिन हाताला लागली, झरोक्याच्या काठात रुतलेली.

आणि मोठ्याबाईंनी शिवण वाचली. जिनं ती उसवली होती तिला शिवण येत होती. अडाणी माणूस पहिला टाका धरतो आणि ओढत बसतो. हिनं चौथा धरला होता, पिनेनं उचलला होता, मग एक सोडून एक. अंधारात, हातानं चाचपून. मोठ्याबाईंनी स्वतः असतं तर असंच उसवलं असतं. कापडाच्या पलीकडं आपल्याच बरोबरीची एक बाई उभी आहे, असं त्यांना क्षणभर वाटलं होतं.

त्यांनी काय केलं? पिन पदराच्या टोकाला बांधली आणि गप्प बसल्या.

दोन दिवसांनी साहेब खात्यात आले. "अशी शिवण पाहिजे, जी आतून उसवता येणार नाही. जमेल का कुणाला? की बाहेरून कारागीर आणू?" बाहेरून म्हटल्यावर बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन दिवस त्या यंत्राला चिकटून बसल्या. मेणदोऱ्याचा साखळीटाका घेतला, घडीखाली दडवला, प्रत्येक टाका पुढच्याला असा अडकवला की आतून पिन घालायला फटच राहू नये. ती पलीकडची बाई कुठं पिन घालेल, चौथ्यावर की पाचव्यावर, हे डोळ्यांपुढं आणून त्यांनी एकेक वाट बंद केली. त्या बाईला हरवायचंच, असं शिवलं.

नमुना दाखवताना सगळं खातं गोळा झालं होतं. मोठ्याबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाहेरून ही बारीक शेपटी ओढली की सर्रकन सगळं उघडेल, दुरुस्तीला सोपं. पण आतून नखं मोडली तरी हलायचं नाही."

साहेब हसत म्हणाले होते, "शेळ्यांना नखं कुठं असतात, मोठ्याबाई?"

आणि जाड शाईनं सही केली होती.

*

संध्याकाळी थोरला घरी आला तेव्हा चौकट भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवलेली होती, काच काढलेली. शेजारी फोटो आणि पिन.

"वाच गं," मोठ्याबाई सूनबाईला म्हणाल्या. "मला अर्धंच लागतं. मोठ्यानं वाच."

सूनबाई वाकली. शाई विटली होती तरी अक्षर ठसठशीत होतं. "तारीख आहे. मग लिहिलंय, परत आलेला माल, आतून फाटतो. आतून न उसवणारी शिवण. मंजूर. आणि सही."

"कुणाची?"

"साहेबांची."

थोरला खुर्चीत बसला. "उद्या ते येताहेत न्यायला," तो म्हणाला. "देऊन टाक, आई. अकरा वर्षं गप्प होतीस, एक दिवस आणखी गप्प राहा. माझी बढती जाईल. बढती कसली, नोकरी जाईल. आपण शिवलं फक्त. आपण कुणाला भरलं नाही ट्रकमध्ये."

"ही पिन बघ."

"मला नाही बघायची."

"बघ म्हणते ना! परत आलेल्या मालात सापडली. शेळीच्या केसांतली आहे का ही?"

थोरल्यानं पिनेकडं पाहिलं नाही. तो आपल्या हातांकडं बघत होता. म्हणाला, "ते गठ्ठे मी धुतले."

मोठ्याबाईंना आठवलं. त्या वर्षी तो धुलाईखात्यात होता, नवाच लागलेला. अकरा वर्षांत हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. की आलं होतं आणि त्यांनी ते बटणांच्या खाली ढकललं होतं?

"पाणी लाल नव्हतं," थोरला म्हणाला. "लाल असतं तर मी बोललो असतो, आई. खरंच बोललो असतो. पाण्याला वास होता. मी पाइप मारत राहिलो. एका घडीतून बूट पडला."

"कुणाचा?"

त्यानं तळहातावर दोन बोटांनी माप दाखवलं. एवढा.

"काय केलंस?"

"भट्टीत टाकला. मुकादमाला दाखवला, तो म्हणाला, भट्टीत टाक. टाकला."

सूनबाई इतका वेळ उभी होती. तिनं खोलीभर नजर फिरवली: उघड्या तोंडाच्या उशा, कडी नसलेलं दार, खिडकीबाहेर झाडाजवळचा मगा. लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं ती या दोघांना चक्रम समजत होती.

"तुम्ही दोघं," ती एवढंच म्हणाली. ती जाऊन थोरल्याच्या शेजारी बसली.

*

गुरुवारी साहेब आले. या वेळी टोपली नव्हती, चालकाच्या हातात रिकामी पेटी होती, आत मखमल लावलेली. भिंतीवर दुसऱ्या चौकटीच्या जागी फिकट चौकोन होता.

"पुसून ठेवलात वाटतं? कुठाय?"

"आहे. बसा. चहा घ्या, आज तरी."

"घाई आहे हो."

"साहेब, नमुन्याचे तुकडे दोन होतात. एक यंत्रावर, एक कचेरीत. खरं ना? कायदा तुम्हीच घालून दिलेला."

"हो."

"मग कचेरीतला लावा की दालनात. तोही माझ्याच हातचा, सहीही तुमचीच. माझा कशाला हवा?"

साहेबांनी थोरल्याकडं पाहिलं. थोरला खिडकीशी उभा होता.

"तो... जुन्या कागदांबरोबर गेला असेल. कपाटं बदलली मध्ये."

"गेला कसा? माणसं जातात. कापड कुठं जातं? मी शिवलेलं कापड तर अकरा वर्षं उन्हात पडूनसुद्धा गेलं नाही. फोटो बघायचाय? एकही टाका सुटलेला नाही." त्यांनी फोटो साहेबांच्या पुढ्यात ठेवला, आतली बाजू वर. "शेळ्यांना नखं कुठं असतात, असं तुम्ही विचारलं होतंत. मला उत्तर द्यायला वेळ लागला."

साहेबांनी फोटो हातात घेतला नाही. टाय जरा सैल केला. मग फार हळू आवाजात, जुन्या ओळखीनं बोलावं तसं म्हणाले, "मोठ्याबाई, ती शिवण तुमची आहे. माझी फक्त सही आहे. हे उघड झालं तर लोक आधी कुणाचं नाव घेतील?"

बाण नेमका लागला. आयुष्यात त्यांना काय हवं होतं? त्यांची शिवण पाहून लोकांनी त्यांचं नाव घ्यावं, एवढंच.

"माझं घेतील," त्या म्हणाल्या. "घेऊ देत. मग तुमचं घेतील. तो तुकडा काल रात्रीच वकीलबाईकडं गेला, सूनबाई देऊन आली. आता उठा. पेटी राहतेय, घेऊन जा."

*

न्यायालयात जायला आणखी सात महिने गेले. थोरल्याची नोकरी सातव्या दिवशी गेली. तोही साक्षीला आला. बुटाचं सांगताना त्यानं पुन्हा तेच माप दाखवलं आणि लिहून घेणाऱ्याची बोटं थांबली.

मोठ्याबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या तेव्हा मधल्या टेबलावर ती ताडपत्री पसरलेली होती. पहिल्या रांगेत एक तरुण बाई बसली होती, डोक्याला रुमाल, शेजारी दुभाष्या. हीच ती, फळीच्या फटीशी तोंड लावून जगलेली.

कंपनीचे वकील पक्के होते. "म्हणजे माल परत आला तेव्हा तुम्हाला संशय आला होता?"

"संशय नाही. कळलं होतं."

"आणि तरी तुम्ही ही शिवण शोधून काढलीत?"

"काढली."

"अकरा वर्षं गप्प राहिलात?"

"राहिले."

"मग दोष कंपनीचा कसा? तुमचाच नाही का?"

"माझा माझ्याकडं आहे," मोठ्याबाई म्हणाल्या. "तो वाटायला मी आले नाही. तुमचा तुम्ही घरी घेऊन जा, एवढं सांगायला आले. मला पिनेवरून कळलं, साहेबांना चौदा गठ्ठ्यांवरून कळलं. त्यांनी लिहूनही ठेवलं. माझ्याहून शिकलेले आहेत ते."

न्यायमूर्तींनी विचारलं, ही शिवण तुमचीच कशावरून? मोठ्याबाई टेबलाजवळ आल्या. ताडपत्रीवर हात ठेवला आणि खरखर इतकी मोठी झाली की बाकी कुणाला कशी ऐकू येत नाही याचंच त्यांना नवल वाटलं. बोटं घडीखाली गेली. शेपटी होती तिथंच होती, मातीनं कडक झालेली. त्यांनी ती चिमटीत धरली आणि ओढली.

सर्रकन झरोका उघडला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन नखांएवढा जोर लागला असेल.

पहिल्या रांगेतली बाई उठून उभी राहिली. काहीतरी म्हणाली. दुभाष्यानं सांगितलं, "त्या विचारताहेत, बाहेरून इतकं सोपं होतं?"

"होय," मोठ्याबाई म्हणाल्या. "एक ओढ. बाहेर उभ्या असलेल्या कुणालाही जमलं असतं."

ती बाई टेबलापर्यंत आली. कुणी तिला अडवलं नाही. पुराव्याच्या पाकिटातली लाल मण्याची पिन तिनं पाहिली. तुमच्या ओळखीची आहे का, असं तिला विचारलं गेलं. तिनं मान हलवली. नाही, अशा पिना सगळ्यांकडं असायच्या. मग ती हळूहळू बोलत राहिली आणि दुभाष्या अडखळत सांगत राहिला.

"त्या म्हणताहेत, आधीच्या ट्रकमधली काही माणसं वाचून आली होती. त्यांनी गावागावांत निरोप धाडला होता. उचलून नेलंच, तर घाबरू नका. झरोका नुसत्या दोऱ्यानं शिवलेला असतो. केसांत पिना ठेवा, चौथ्या टाक्याला धरा. त्या म्हणताहेत, आम्ही ठेवल्या होत्या. आईनं मला दोन लावल्या होत्या. ट्रकमधल्या सगळ्या बायकांच्या केसांत पिना होत्या."

मोठ्याबाईंनी उघड्या झरोक्याचा काठ धरून ठेवला, तो पुन्हा मिटू नये म्हणून, शिपायानं त्यांना हात धरून बाजूला नेईपर्यंत.

निकाल अजून लागायचा आहे. साहेबांनी राजीनामा दिला. कंपनीनं आणखी तीन वकील लावले. थोरला आता एका रोपवाटिकेत कामाला जातो आणि तिथंही मग्यानंच पाणी घालतो.

भिंतीवरचा फिकट चौकोन तसाच आहे. परवा सूनबाईनं नवी उशी शिवायला घेतली. तीन बाजू झाल्या आणि तिनं यंत्र थांबवलं, दोरा तोडला. मोठ्याबाई पलंगावर बसल्या होत्या, खोलीतल्या एका कोपऱ्याकडं कान लावून.

"अजून येतो आवाज, आई?"

"येतो."

"काय वाजतं?"

"चौथा टाका," मोठ्याबाई म्हणाल्या. "चौथा टाका शोधताहेत."